भांडाराचे दार

मुक्त सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली पूर्वी बहुधा नवी आवृत्ती निघाल्यावरच हाती येई. रोजचे काम मोजक्यांनाच दिसे.

ॲमस्टरडॅमच्या डिक ग्रून यांनी १९८६ मध्ये ‘सीव्हीएस’ प्रसिद्ध केली. त्यांच्या व दोन विद्यार्थ्यांच्या कामाच्या वेळा जुळत नसत. म्हणून प्रत्येकाने सामायिक भांडारातून आपली प्रत घ्यावी आणि इतरांचे बदल तीत मिसळावेत, अशी ही योजना.

१९९५ मध्ये सुरू झालेल्या ओपनबीएसडी प्रकल्पाने हे भांडार वाचनासाठी सर्वांना खुले केले. एकदा ‘चेकआउट’ने पूर्ण प्रत घ्यायची, पुढे ‘अपडेट’ने फक्त बदल येतात. लेखनाचा अधिकार मात्र निवडकांकडेच राहिला.

२००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांच्या ‘गिट’मुळे बदलांचा सारा इतिहासही प्रत्येक प्रतीबरोबर येऊ लागला. चूक कोठे झाली, कशी सुधारली, हे आता विद्यार्थ्यालाही वाचता येते.