जुनी भिंगे आणि नवे कॅमेरे



यंदाच्या वसंत व्याख्यानमालेत आमचे नाव छापून आले तेव्हा बहुतेकांची अशी समजूत झाली की, आम्ही हमाल-मापाड्यांवर, नाही तर किमान वेतनावर बोलणार. विषय वाचल्यावर संघटनेतल्या एका सोबत्याने विचारले, "आता चष्म्याचे दुकान काढता की काय?" त्याला तेव्हा उत्तर दिले नाही, ते आज देतो. आमचे शालेय शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे शिकणे झाले ते पुस्तकांच्या फिरत्या गाडीवर, बैठकांमध्ये आणि आमच्यापेक्षा शहाण्या माणसांच्या संगतीत. तेव्हा प्रकाशशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा आव आम्ही आणणार नाही. पण भिंग ही आकाशातून पडणारी वस्तू नव्हे. ते कोणीतरी घासलेले असते, कोणीतरी नळीत बसवलेले असते. आणि त्या माणसाला किती तास राबावे लागले, हे विचारण्याची आम्हांला तीस वर्षांची सवय आहे.

आमच्या संघटनेचे एक वडीलधारे कार्यकर्ते १९७२ साली कामगारांच्या शिष्टमंडळाबरोबर मॉस्कोला गेले होते. परत येताना इतरांनी लोकरी टोप्या आणल्या. यांनी झोर्की-४ नावाचा कॅमेरा आणला. त्यावर ज्युपिटर-८ हे ५० मिलिमीटरचे भिंग होते. मराठवाड्यात दुष्काळ पडलेला. खडी केंद्रे, चारा छावण्या, हजेरीपटासाठी काढलेले मोर्चे, जे जे दिसले ते त्यांनी टिपून ठेवले. अखेरच्या आजारात त्यांनी तो कॅमेरा आणि निगेटिव्हनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा आमच्या हवाली केला. कॅमेऱ्यातील शटरचा कापडी पडदा तोवर कुजून गेला होता. एका दुरुस्तीवाल्याने तो हातात घेतला आणि न उघडताच परत दिला. भिंग मात्र शाबूत होते. कडेला बुरशीचे दोन धागे आले होते इतकेच.

हा कॅमेरा रेंजफाइंडर जातीचा. रेंजफाइंडर म्हणजे अंतर शोधणारा. समोरच्या बाजूस दोन छोट्या खिडक्या असतात. डोळा लावला की एकाच माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, एक ठळक आणि एक फिकट. भिंग फिरवीत गेले की फिकट प्रतिमा सरकत येऊन ठळक प्रतिमेवर बसते. बसली की अंतर बरोबर. यात डोळा भिंगातून पाहत नाही, शेजारच्या खिडकीतून पाहतो. त्यामुळे आत आरसा लागत नाही आणि भिंग फिल्मच्या अगदी जवळ बसवता येते. श्रोत्यांनी ही 'जवळ'ची गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे.

या जातीचा मूळ पुरुष म्हणजे जर्मनीतील वेट्झलार गावचा लायका कॅमेरा. लाइट्स यांचा सूक्ष्मदर्शकांचा कारखाना होता आणि तेथे ऑस्कर बारनाक हे यंत्रकार होते. प्रकृतीने नाजूक, दम्याचे दुखणे. भल्यामोठ्या काचपट्ट्यांचे कॅमेरे डोंगरावर नेणे त्यांना झेपत नसे. सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा त्यांनी १९१४ च्या सुमारास केला. मध्ये महायुद्ध आले. अखेर १९२५ च्या लाइपझिगच्या वसंत जत्रेत लायका लोकांपुढे ठेवला गेला. भिंगे बदलता येणारा लायका १९३० चा. पण सुरुवातीला प्रत्येक भिंग त्या-त्या कॅमेऱ्याला जुळवून द्यावे लागे, याचे त्याला चालत नसे. १९३१ मध्ये माप कायम झाले. भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिलिमीटर, आट्यांचा व्यास ३९ मिलिमीटर, इंचाला २६ आटे. येथे लेथवर काम केलेले कोणी बसले असतील तर त्यांना या एका ओळीचे मोल कळेल. त्या मापाने केलेले भिंग कोणत्याही देशातले असो, ते या कॅमेऱ्यावर बसते. १९३२ मध्ये भिंगाला जोडलेला रेंजफाइंडर आला आणि कॅमेऱ्याचे रूप पुरे झाले.

त्याच वर्षी झाइस मंडळींनी काँटॅक्स नावाचा प्रतिस्पर्धी बाजारात आणला. त्याची खरी ताकद भिंगात होती. लुडविग बेर्टेले यांनी आखलेल्या त्या भिंगाचे नाव झोनार; जर्मन भाषेत सूर्याला जो शब्द आहे त्यावरून ते आले. आपण त्याला सोनार म्हटले तरी बिघडत नाही, काम तितकेच नाजूक. तेव्हा काचेवर परावर्तन कमी करणारा लेप देत नसत. म्हणून काचा एकमेकींना चिकटवून हवेला लागणारे पृष्ठभाग बेर्टेलेंनी कमीत कमी ठेवले. अंधाऱ्या खोलीतही त्यातून स्वच्छ चित्र येई.

झाइसची भिंगे येना शहरी होत. या कारखान्याजवळ आम्ही जरा जास्त थांबणार आहोत. कॅमेऱ्याचे शौकीन येथून घाईने पुढे जातात, म्हणून तर मुद्दामच. एर्न्स्ट आब्बे हे नाव विज्ञानाच्या पुस्तकात सूक्ष्मदर्शकापाशी सापडते. हा आयझेनाखच्या सूतगिरणीतील एका कामगाराचा मुलगा. बाप दिवसाचे चौदा-चौदा, सोळा-सोळा तास उभ्याने काम करी, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले. झाइसच्या कारखान्याचा भागीदार झाल्यावर त्याने १८८९ मध्ये प्रतिष्ठान स्थापले आणि पुढे आपली मालकी त्याच्या स्वाधीन केली. पगारी रजा, निवृत्तिवेतन यांचे नियम लिहून काढले आणि १९०० साली आठ तासांचा दिवस सुरू केला. आमच्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती १८९० ची गोष्ट. एकीकडे मालकाच्या खुर्चीवर बसलेला कामगाराचा मुलगा, दुसरीकडे सभा भरवून आणि सह्या गोळा करून भांडणारे लोखंडे. दोन्ही वाटा आम्हांला ठाऊक आहेत, आणि पहिल्या वाटेवर भरवसा ठेवावा असे मालक आमच्या वाट्याला फारसे आले नाहीत. याच येनात आणि वेट्झलारलाही दुसऱ्या महायुद्धात परदेशांतून आणलेल्या मजुरांना सक्तीने राबवून घेण्यात आले, हेही सांगितले पाहिजे.

भिंग घासणाऱ्याचे काम कसे तपासतात हे आम्ही वाचले तेव्हा चकित झालो. घासलेल्या काचेवर प्रमाण-काच ठेवतात. दोहोंमध्ये केसाच्या जाडीच्या शतांशाहून कमी फट राहिली, तरी रंगीत कडी दिसतात; कडी वाकडी आली की काम परत. प्रकाशाच्या लाटा एकमेकींत मिसळून ही कडी होतात. आपल्या औंढा नागनाथजवळ ज्या लायगो वेधशाळेला २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली, तिचेही मूळ तत्त्व लाटांच्या याच मिसळण्याचे आहे. तिच्यासाठीचे पुष्कळसे भाग मुळात अमेरिकेत हॅनफर्ड येथल्या दुसऱ्या यंत्राकरिता केलेले. ते आता इकडच्या नव्या इमारतीत बसवायचे. जुने यंत्र नव्या घरी जुळवण्याची विद्या आपल्या जिल्ह्याला यापुढे परकी राहणार नाही.

असो. भिंगाकडे वळू. सोव्हिएत युक्रेनमधील खारकोव्ह येथे रस्त्यावरच्या अनाथ मुलांची एक वसाहत होती. शिक्षणतज्ज्ञ मकारेंको तिचे प्रमुख. या मुलांनी आधी विजेवर चालणारी भोके पाडण्याची यंत्रे केली आणि १९३४ पासून लायकाच्या नमुन्यावर फेड नावाचा कॅमेरा. नक्कल म्हणून त्याला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. ज्यांना आईबाप नव्हते त्या पोरांनी मिलिमीटरच्या शतांशाचे काम करून दाखवले, ही गोष्ट आम्हांला नक्कलीपेक्षा मोठी वाटते.

१९४५ मध्ये येना प्रथम अमेरिकनांच्या हाती पडले. जाताना त्यांनी झाइसचे निवडक तज्ज्ञ पश्चिमेकडे नेले. मागून आलेल्या रशियनांनी यंत्रे उखडून नेली. काँटॅक्सचे यंत्रकाम कीव्हला गेले आणि १९४७ पासून तेथे त्याच घडणीचे कॅमेरे निघू लागले. झोनारची आखणी सोव्हिएत काचेला जुळवून घेतली गेली, तिचे नाव ज्युपिटर झाले. आमचे भिंग त्या वंशातले. त्याचे आटे वेट्झलारच्या मापाचे, आखणी झाइसची, काम मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कामगारांचे. दोन हाडवैरी कारखान्यांची सोयरीक अशी तिसऱ्याच्या मांडवात झाली.

या जातीच्या कॅमेऱ्यांनी काय काय पाहिले हे सांगत बसलो तर रात्र पुरणार नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे फ्रेंच छायाचित्रकार दिल्लीत गांधीजींना भेटले आणि थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. त्यानंतरचा शोक त्यांनी लायकातूनच टिपला. १९५० मध्ये डेव्हिड डग्लस डंकन यांना टोकियोत निक्कॉर भिंगे सापडली, ती घेऊन ते कोरियाच्या युद्धावर गेले आणि जपानी काचेचे नाव जगात झाले.

मग आरशाचे कॅमेरे आले. १९५९ चा निकॉन एफ घ्या. भिंगातूनच पाहता यावे म्हणून आत आरसा बसवला. तो हलायला जागा हवी, म्हणून भिंग ४६.५ मिलिमीटर दूर गेले. २८.८ वर बसणारे भिंग तेथे लावले तर लांबचे काहीच स्पष्ट दिसेना. भिंगांत काडीचा दोष नव्हता. पण जागाच नाहीशी झाल्याने ती कपाटात गेली. आमच्या गिरणगावातल्या कुशल हातांचे पुढे काय झाले ते आठवावे.

पन्नासेक वर्षांनी आरसा पुन्हा निघाला. २००८ मध्ये पॅनासोनिकचा पहिला बिनआरशाचा डिजिटल कॅमेरा आला, २०१० मध्ये सोनीचा. त्याची बैठक १८ मिलिमीटरवर. आता साधी वजाबाकी करा. २८.८ मधून १८ गेले, उरले १०.८. इतक्या जाडीचे एक कडे मध्ये घातले की जुने भिंग नव्या कॅमेऱ्यावर नेमके बसते. यालाच अडॅप्टर म्हणतात. त्यात काच नाही, वीज नाही. नुसते धातूचे कडे.

दुसराही एक लाभ झाला. सोव्हिएत भिंगे अस्सल लायकावर लावली की जवळचे चित्र किंचित हुकते, म्हणून ती बदनाम होती. वस्तुतः लायकाच्या मोजणीत ५० मिलिमीटरचे भिंग ५१.६ चे धरलेले, तर या भिंगांची मोजणी झाइसच्या सुमारे ५२.४ वर. नव्या कॅमेऱ्यात आपण भिंगातूनच पाहतो, तेव्हा ही भानगड उरत नाही. अडचणी आहेतच. रुंद दृश्याच्या भिंगांत कडेचे किरण फार तिरपे येतात आणि कोपरे पुसट होतात. ज्युपिटर-१२ ची मागची काच इतकी आत शिरते की काही कॅमेऱ्यांत ती लावूच नये. कीव्हच्या ५० मिलिमीटर भिंगाला पुढेमागे सरकवणारे आटे कॅमेऱ्यातच असतात, म्हणून त्याचे कडेही तसे आटे असलेले लागते.

बाजाराने हे ओळखलेच. पडून असलेल्या भिंगांचे भाव चढले. फेड आणि झोर्कीवर लायकाचे नाव कोरून, नाझी गरुड उठवून, सोनेरी मुलामा देऊन गिऱ्हाइकाला फसवणारेही निघाले. २०२२ मध्ये वेट्झलारच्या लिलावात बारनाक यांनी स्वतः वापरलेला एक लायका १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या ४,४२५ कॅमेऱ्यांच्या संग्रहाची गिनीज पुस्तकात नोंद झाली. संग्राहकांवर आमचा राग नाही. त्यांनी जपले नसते तर बरेच भंगारात गेले असते. पण आकडा वाचून समाधान मानणे आणि भिंगातून पाहणे यांत फरक आहे.

आमच्या भाच्याचा मुलगा लग्नसमारंभांचे फोटो काढतो. त्याने कडे मागवले, बुरशी साफ करून घेतली आणि भिंग आपल्या कॅमेऱ्यावर चढवले. मग आम्हांला सुचले की, डब्यातल्या निगेटिव्हची नक्कल याच भिंगाने घ्यावी. मध्ये आणखी दोन कडी घालून त्याने भिंग जवळ आणले, खाली दिवा ठेवला, आणि १९७३ ची चित्रे ज्या काचेतून आत गेली होती त्याच काचेतून पुन्हा बाहेर आली.

त्यातले एक कळमनुरीकडच्या खडी केंद्रावरचे आहे. हातोडा उचललेली एक बाई. पाठीशी पोर बांधलेले. डोळे मिटलेले, कारण कपची उडते. भिंगाच्या कड्यावर क्रमांक कोरला आहे, त्याचे पहिले दोन आकडे ७१. म्हणजे ते १९७१ साली तयार झाले. बाईच्या बाबतीत काहीच लिहिलेले नाही. निगेटिव्हच्या पाकिटावर आमच्या वडीलधाऱ्यांनी तारीख घातली, भिंगाचा छिद्रांक लिहिला, आणि तिचे नाव विचारायचे राहिले. त्यांच्या हयातीत आम्हीही विचारले नाही.

ते चित्र मोठे करून सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवले आहे. जाताना पाहावे. पाठीवरचे ते पोर आज पन्नाशीचे असेल.

(छापण्यास देताना: व्याख्यानानंतर दोघांनी त्या बाईला ओळखले आणि दोन वेगवेगळी नावे सांगितली. दोन्ही नावे चित्रामागे पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत.)