घोडा कुणाचा?

माण म्हटले की दुष्काळ, मेंढरे आणि पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांकडे गेलेली माणसे डोळ्यांसमोर येतात. घोडा सहसा कुणाला आठवत नाही. परंतु या माळावर धनगरांचा वाडा हलतो तेव्हा सारे बिऱ्हाड पाठीवर घेऊन एक ठेंगणे, काटक तट्टू मुकाट्याने चालत असते. हेच भीमथडीचे तट्टू. याच्याच जोरावर एके काळी मराठी फौजा दूरदूरच्या मजला मारीत होत्या.

आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. कुठलेही हत्यार पाहिले की ते कुणाच्या मालकीचे, हा प्रश्न आम्हांला आधी पडतो. घोड्याच्या इतिहासाकडेही आम्ही त्याच नजरेने पाहतो.

प्रथम शिकवणुकीची गोष्ट. चाबुकस्वार शिकाऊ घोड्याला लांब दोरीने काव्यावर धरी. म्हणजे स्वतः मध्ये उभा राहून त्याला भोवती गोल फिरवी, आधी एका अंगाने, मग दुसऱ्या. त्यातून घोडा वळायला, चाल बदलायला आणि माणसाचा आवाज ओळखायला शिके. मग खोगीर, मग स्वार. भाला पेलणाऱ्याला लगामासाठी एकच हात उरतो. तेव्हा घोड्याला मांडीचा दाब कळलाच पाहिजे. ‘गनिमी काव्या’तला कावा आपण सारे जाणतो, पागेतला हा कावा मात्र विसरलो.

अमेरिकेतील गुराखीही आपला घोडा असाच तयार करतात. तो वासरामागे धावतो, फास पडताच थबकतो, आणि स्वार उतरून वासराचे पाय बांधीपर्यंत मागे सरत दोर ताणून धरतो. पाठीवर कुणी नसतानाही तो आपले काम सोडीत नाही. असा भरवसा नुसत्या चाबकाने निर्माण होत नाही. त्याला वेळ, वैरण आणि रोजची निगा लागते.

आता या वैरणीचा खर्च कुणाचा? शिवाजी महाराजांच्या पागेतील घोडा सरकारचा होता. त्यावर बसणारा बारगीर पगारी होता. सभासदाच्या बखरीप्रमाणे पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण बेताने वापरा, नाही तर पावसाळ्यात घोडी मरतील आणि तुमचे लोक रयतेला लुबाडू लागतील, असा त्याचा आशय आहे. घोड्याची उपासमार शेवटी कुणब्याच्या घरावर येऊन पडते, हे त्या राजाने ओळखले होते.

शिलेदाराचे तसे नव्हते. घोडा त्याचा स्वतःचा. तो मेला आणि भरपाई मिळाली नाही, तर चाकरीही गेली. असा माणूस घोडा जपून लढला तर त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. पुढे इंग्रजांनी आपल्या हिंदी रिसाल्यांत हीच शिलेदारी चालविली. नोकरीसाठी स्वाराने घोडा आणावा किंवा त्यापोटी रक्कम भरावी, असा तो व्यवहार होता. 1914 च्या महायुद्धात घोडी झपाट्याने मरू लागली तेव्हा ही पद्धत कोलमडली, आणि युद्धानंतर ती बंदच झाली.

2024 च्या प्रारंभी भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाल्याचे जाहीर झाले. आम्हांला त्याचा आनंद आहे. पण ही जात दप्तराने टिकविलेली नाही. ज्या धनगराने दुष्काळात आपल्या भाकरीबरोबर घोड्याच्या चाऱ्याचीही चिंता वाहिली, त्याने ती टिकविली. घोड्याची नोंद झाली, आता त्या माणसाची व्हावी. त्याचे चराऊ रान आणि त्याच्या वाटा राहिल्या तर घोडा राहील. एरवी वहीत नाव तेवढे उरेल.