पाण्याखाली तग धरणाऱ्या भाताची कुळकथा

वाराणसीत मंगला गौरीच्या देवळाखाली पंचगंगा घाट आहे. भाद्रपदात गंगा चढली की त्याच्या पायऱ्या दिसेनाशा होतात. दगडाला त्याचं काही होत नाही. सखल खाचरातलं भात मात्र आठवडा-दोन आठवडे बुडालं की हातचं जातं. बुडालेलं रोप हवेसाठी झपाझप वाढतं, त्यातच त्याची शिल्लक साखर संपते आणि पाणी उतरल्यावर ते आडवं होतं.

यावरचा तोडगा ओडिशाच्या शेतकऱ्यांकडे पूर्वापार होता. त्यांचं धळपुटिया हे गावठी वाण बुडालं की वाढ आवरून धरायचं आणि पाणी ओसरलं की पुन्हा हिरवं व्हायचं. त्यातूनच निवडून एफआर १३ए हे वाण निघालं. १९९६ मध्ये त्याच्या गुणसूत्रावर, बुडणं सोसण्याचा गुण देणाऱ्या सब१ची जागा सापडली, २००६ मध्ये नेमकं जनुक हाती लागलं. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं संकर करून ते भारतातल्या स्वर्णा भातात उतरवलं आणि २००९ मध्ये स्वर्णा-सब१ भारतीय शेतात आलं. दोन आठवडे बुडूनही ते उठतं. पुराची जमीन अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला जास्त येते, म्हणून त्याचा लाभही त्यांना अधिक होतो, असं ओडिशातल्या अभ्यासात दिसलं. याच संस्थेचं दक्षिण आशिया केंद्र २०१८च्या डिसेंबरात वाराणसीत सुरू झालं.

जनुकाला नाव मिळालं, वाणाला क्रमांक मिळाला. ज्या घरांनी ते बी पिढ्यान्‌पिढ्या राखलं, त्यांची नावं मात्र या कुळकथेत उरली नाहीत. हे मला फार सलतं.

अकोले तालुक्यात वेगळं घडलं. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे महादेव कोळी समाजातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या. भात, वाल, घेवडा यांची गावठी वाणं त्यांनी जपली आणि बायफ संस्थेच्या साथीनं घरातच बियाण्यांची बँक उभी केली. राखेत घोळलेलं बी, त्यात कडुनिंबाचा पाला, वर मातीचा लेप: साठवणीची रीत आजीच्या काळचीच, सोबत आता प्रत्येक वाणाची नोंद. सह्याद्रीच्या या पट्ट्यात उताराच्या वरकस जमिनीत लवकर पिकणारं हळवं भात आणि पाणी धरणाऱ्या खाचरात उशिरा पिकणारं गरवं भात लावतात. पाऊस लवकर गेला तरी हळवं घरात आलेलं असतं. बदलत्या हवामानाचे अभ्यासक आज ज्या वैविध्याची निकड सांगतात, ते इथं आधीपासून रुजलेलं आहे. राहीबाईंना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

२००१च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला किंवा गावाला आपल्या वाणाची नोंद स्वतःच्या नावे करता येते. ते वाण वापरून कुणी नवं वाण काढलं, तर नफ्यातला वाटाही मागता येतो. धळपुटिया राखणाऱ्यांच्या वेळी असा कायदा नव्हता.