दोन चुली, एक घर

मराठी कुटुंबव्यवस्थेत ‘चूल वेगळी होणे’ म्हणजे घर विभक्त होणे. वाटणीपत्र झालेले असो वा नसो, धान्य वेगळ्या कणगीतून निघू लागले की गाव ती दोन घरे मानत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे शंभरावर वर्षे दक्षिण कोकणातील असंख्य कुटुंबांनी हे समीकरण मोडले. एक चूल रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाडीत (त्या काळच्या या जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भागही मोडत असे) आणि दुसरी मुंबईच्या परळ-लालबागेत, अशी मांडणी करूनही ही कुटुंबे स्वतःला एकच घर समजत राहिली. शहरात राहावे की खेड्यात, हा प्रश्न आज व्यक्तीच्या पसंतीचा म्हणून विचारला जातो. परंतु चाकरमान्याच्या, म्हणजे नोकरीसाठी मुंबईत राहणाऱ्या कोकणी माणसाच्या, इतिहासात तो या रूपात फार उशिरा आला. त्याआधीचा प्रश्न घरातल्या कोणी कुठे राहायचे हा होता, आणि त्याचे उत्तर ठरवताना घरातल्या सगळ्यांचा शब्द सारख्या वजनाचा नव्हता.

गाव सोडण्याची कारणे आधी जमिनीत शोधावी लागतात. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या या चिंचोळ्या पट्टीत भाताची खाचरे थोडी आणि डोंगरउताराची वरकस जमीन फार. या वरकसावर नाचणी आणि वरी पिकत असली, तरी काही वर्षे पीक घेतल्यावर ती पडीक ठेवावी लागे. त्यातही खोतीच्या गावांत कुळाच्या हाती पिकातले पुरते काही उरत नसे. खोत म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा वतनदार. भातशेतीत ‘अर्धेल’, म्हणजे निम्मा हिस्सा, आणि वरकसात ‘तिर्धेल’, म्हणजे तिसरा हिस्सा, ही त्याच्या वसुलीची परिचित मापे होती आणि वेठ त्याखेरीज असे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली गिरणी १८५६ पासून ताडदेवला सूत काढू लागली, तेव्हा कोकणातली कुळे रोख पैशाच्या शोधात आधीपासूनच होती. गिरण्यांनी गावे ओस पाडली असे म्हणण्यापेक्षा, गावात भागत नव्हते म्हणून गिरण्यांना माणसे मिळाली, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

१९२१ च्या जनगणनेत मुंबईच्या दर शंभर रहिवाशांपैकी सुमारे ८४ जण शहराबाहेर जन्मलेले होते आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशे होत्या. या दोन आकड्यांवरूनच गिरणगावातल्या, म्हणजे परळ-लालबागच्या गिरणीवस्तीतल्या, खोलीचे स्वरूप कळते. एका गावचे किंवा एका वाडीचे पुरुष मिळून खोली घेत आणि भाडे वाटून भरत. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीवरची एक खुंटी, एवढाच खासगी मुलूख असे. पहिल्या पाळीचा माणूस कामावर गेला की रात्रपाळीहून आलेला त्याच जागेवर अंथरूण पसरी. उन्हाळ्यात निम्मे लोक गॅलरीत किंवा फुटपाथवर झोपत. माणसे बदलत, खोली मात्र गावाचीच राही, आणि गावातल्या देवळाच्या जीर्णोद्धारापासून शाळेच्या कौलांपर्यंतची वर्गणी याच खोलीत ठरे. सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतर बांधलेल्या बीडीडी चाळींमध्ये खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. तिच्यात एक कुटुंब आणि त्याच्या आधाराने राहणारे गावकरी, अशी दाटी पुढे कायमची झाली.

या पुरुषांना जेवू घालणारी खानावळ हा व्यवसाय मुख्यतः बायकांच्या हातात होता. विधवा, नवऱ्याने टाकलेल्या किंवा नवऱ्याच्या पगारात न भागणाऱ्या स्त्रिया आपल्याच खोलीत दहा-वीस माणसांची दोन वेळची भाकरी-भाजी करत. हिशेब महिन्याचा, आणि वसुली गिरणीचा पगार झाल्यावर. संप झाला की उधारी फुगे आणि किराणा भरण्यासाठी बाई सावकाराकडे जाई. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तोवर कित्येक पिढ्या उलटल्या होत्या. गिरणी कामगारांच्या इतिहासात यंत्रमागाला जेवढी पाने मिळाली, तेवढी या पोळपाट-लाटण्याला मिळालेली नाहीत.

गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांची ‘कूड’ ही गावाच्या खोलीच्या या व्यवस्थेची शेजारीण होय. धोबीतलाव, माझगाव परिसरातल्या या गावनिहाय वसतिगृहांत बोटीवर जाणारे खलाशी, आचारी आणि वादक अत्यल्प वर्गणीत राहत. भिंतीलगत ट्रंकांच्या रांगा, दर्शनी बाजूला गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायची रोझरीची प्रार्थना, असा तिचा नेम होता. राज्य पोर्तुगीजांचे आणि पगार इंग्रजी कंपनीचा, असे आयुष्य कंठणाऱ्या या माणसांना कूड म्हणजे मुंबईत आणून ठेवलेले गावच होते.

या दुहेरी वस्तीचे वेळापत्रक पावसाच्या हाती होते. मुंबई आणि कोकणची बंदरे यांना जोडणाऱ्या आगबोटी पावसाळ्यात बंद पडत. त्यामुळे नांगरणी-पेरणीसाठी जाणाऱ्याला मृगाच्या आधी घर गाठावे लागे, आणि लावणी आटोपली तरी समुद्र शांत होईपर्यंत परतीची वाट खुली नसे. शिमगा आणि गणपती हे दोन सणही याच ये-जा करण्यात बसवलेले होते. उन्हाळ्यात गिरण्यांतली गैरहजेरी वाढे, आणि ती जागा ‘बदली’ कामगार भरून काढी. बदली म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राहून रिकाम्या साच्याची, म्हणजे मागाची, वाट पाहणारा माणूस. त्याला आत घ्यायचे की नाही हे जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ठरवी. जॉबर बहुधा आपल्याच गावचा किंवा जातीचा असल्याने गावाशी संबंध तोडणे म्हणजे नोकरीचा दरवाजाही स्वतःच लावून घेणे होते.

मालकांच्या आणि अनेक सरकारी अधिकाऱ्यांच्या मते हा अर्धा शेतकरी असलेला कामगार अस्थिर होता, त्याला यंत्राची शिस्त लागत नव्हती. १९३१ च्या शाही श्रम आयोगाने, ज्याला अध्यक्षाच्या नावावरून व्हिटली आयोग म्हणतात, याहून शहाणा निष्कर्ष काढला: गावाशी असलेले नाते तोडण्याऐवजी त्याला व्यवस्थित रूप द्यावे. पुढे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या ग्रंथात दाखवून दिले की गावचा आधार हा कामगाराच्या मागासपणाचे लक्षण नसून शहरात टिकून राहण्याचे त्याचे साधन होते. पुरावे चंदावरकरांच्याच बाजूचे आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत सव्वाआठ लाखांच्या आसपासच्या या शहरातून सुमारे ३ लाख ८० हजार माणसे निघून गेली. ज्याला गाव होते त्याला जाण्याची जागा होती. मागे उरलेल्यांना तेव्हा रोजच्या रोज मजुरी मिळू लागली आणि नाक्यांवर त्यांच्यासाठी गिरण्यांची चढाओढ लागली. १९२८ चा सर्वसाधारण संप सहा महिने चालला. पगाराविना इतका काळ काढणाऱ्या कामगारांपैकी पुष्कळ जण गावी गेले होते. संपाचा शिधा असा खाचरातून आला.

त्या खाचरात राबत कोण होते, हे मात्र दोन्ही बाजूंच्या वादात बरेचदा निसटते. लावणी, बेणणी, झोडणी, गुरे, सासू-सासरे आणि खोताचा तगादा, हे सारे चाकरमान्याच्या बायकोकडे होते. १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केल्यावर तिच्या संसाराला महिन्याचा एक ठरावीक दिवस मिळाला. पोस्टमन ओटीवर बसे, अंगठा घेई, पैसे मोजून देई आणि फॉर्मच्या खालच्या चिटोऱ्यावरचा दोन ओळींचा मजकूर वाचून दाखवी. नवऱ्याचा निरोप असा सासऱ्यासमोर, परक्या माणसाच्या आवाजात ऐकायचा. रत्नागिरीला ‘मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा’ म्हणण्याची पद्धत पडली. त्या वर्णनात तिच्या श्रमाचा हिशेब नव्हता. मुंबईची मजुरी एकट्या पुरुषाच्या पोटापुरती धरली तरी मालकांचे भागत होते, कारण म्हातारे, मुले आणि आजारी माणसे यांचा खर्च गाव उचलत होते.

दलित कामगाराच्या बाबतीत गाव आणि शहर यांच्या तराजूची पारडी निराळी होती. गावचा आधार म्हणजे त्याच्यासाठी गावकुसाबाहेरची जागा आणि वतनी कामे. शहराने त्याला रोख मजुरी दिली, पण सगळी खाती उघडली नाहीत: साचेखात्यात धोट्यात नवी कांडी बसवताना सुताचे टोक छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि विटाळाच्या कल्पनेमुळे सवर्ण विणकर तिथे अस्पृश्यांना येऊ देत नसत. जास्त मजुरीचे खाते अशा रीतीने बंद राहिले, आणि हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात उभा केला. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे मूळ असलेले आणि परळच्या चाळीत दीर्घकाळ राहिलेले आंबेडकर ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवाला विरोध करताना केवळ तत्त्व मांडत नव्हते. खोती रद्द करण्याचे विधेयकही त्यांनीच १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात आणले होते, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली कुळे त्यासाठी मोर्चाने मुंबईत आली होती. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार पुढारी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि जुन्या रिवाजाप्रमाणे पुष्कळ जण गावी गेले. या खेपेला बोलावणे आले नाही. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उठले, आणि कोकणातला माणूस आयुष्यात प्रथमच एका चुलीशी बांधला गेला. काहींनी खोली विकून नालासोपारा, विरार, दिवा गाठले. काही गावात राहिले आणि पाळीचे भोंगे आठवत भात लावू लागले. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली, तेव्हा संपाला तीस वर्षे झाली होती.

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, म्हणजे गाव एका रात्रीच्या अंतरावर आले तेव्हा ते रिकामे होत चालले होते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली आढळली, आणि रत्नागिरीत हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२० च्या वर होत्या. गणपतीत उघडणारी आणि विसर्जनानंतर कुलूप लागणारी घरे आता वाडीवाडीत आहेत. त्यांच्या सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची नावे मात्र पिढीगणिक वाढत जातात, कारण डोंबिवलीत फ्लॅट घेतलेला भाऊही गावच्या चार गुंठ्यांचा हक्क सोडून देत नाही.