बर्फाळ पहाट, १९०० मीटर उंची आणि २२६ किलोमीटर: थंडीतली ट्रायथलॉन इतकी अवघड का असते?

२२ सप्टेंबर २०१३. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियामधला लेक टाहो. आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला, आसपासच्या डोंगरांवर ताजं बर्फ. पहाटे हवेचं तापमान गोठणबिंदूच्या आसपास, तर तलावाचं पाणी साधारण १५ ते १६ अंश. हवेपेक्षा पाणी गरम असल्यामुळे तलावावरून चक्क वाफा निघत होत्या. अशा वातावरणात तिथे पहिल्यांदाच आयर्नमॅन स्पर्धा झाली. शेकडो जणांनी ती सुरूच केली नाही किंवा मध्येच सोडली.

असं का झालं? थंडीमुळे की उंचीमुळे? खरं उत्तर आहे, दोन्ही एकत्र आल्यामुळे.

आयर्नमॅन म्हणजे नेमकं किती अंतर?

३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकलिंग आणि ४२.२ किलोमीटर धावणं. एकूण साधारण २२६ किलोमीटर. यासाठी साधारणपणे १७ तासांची मुदत असते.

टाहोमध्ये हे सगळं सुरू होतं तेच जवळपास १९०० मीटर उंचीवर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर आहे. म्हणजे तिथे पोहायला उतरतानाच स्पर्धक कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंचावर असतो. सायकलचा रस्ता तर जवळपास २२०० मीटरपर्यंत चढतो.

उंचीवर दम का लागतो?

उंचीवर हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण कमी होत नाही, ते २१ टक्क्यांच्या आसपासच राहतं. कमी होतो तो हवेचा दाब. १९०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण ८० टक्के असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात कमी ऑक्सिजन मिळतो आणि घरी सहज जमणारा वेग तिथे जड जातो.

एक छोटा फायदाही आहे. हवा विरळ असल्याने सायकलला वाऱ्याचा विरोध कमी होतो. पण पायांतली ताकदच घटलेली असल्याने चढावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

थंडी सर्वांत जास्त कधी त्रास देते?

बहुतेकांना वाटतं, पाण्यात. पाणी हवेच्या तुलनेत शरीरातली उष्णता साधारण २५ पट वेगाने खेचून घेतं, हे खरं. थंड पाण्यात शिरताच पहिली एक-दोन मिनिटं धाप लागते, श्वासावर ताबा राहत नाही. पण वेटसूट घातलेला असेल आणि हातपाय चालू असतील, तर शरीर बऱ्यापैकी तग धरतं.

खरी परीक्षा असते पाण्यातून बाहेर आल्यावर. अंग ओलं, बोटं बधिर. त्यात शरीराच्या आतलं तापमान बाहेर आल्यानंतरही काही मिनिटं घसरत राहू शकतं. नेमकं तेव्हाच सायकलवर बसायचं असतं. हवा २ अंश असेल आणि वेग ताशी ३० किलोमीटर, तर उघड्या त्वचेला ती उणे ४ अंशांसारखी लागते. बधिर बोटांनी गिअर बदलणं, ब्रेक दाबणं, जेलचं पाकीट फाडणं, काहीच धड जमत नाही.

मग जोर लावून अंग गरम का करू नये?

इथेच खरी गोम आहे. थंडी सांगते, 'जोरात चालव, म्हणजे ऊब येईल.' उंची सांगते, 'हळू चालव, नाहीतर दम संपेल.' थंडीचं ऐकून सुरुवातीला जोर लावला, तर स्नायूंमधली साठवलेली साखर लवकर संपते. कुडकुडण्यातही तीच साखर जळते. मग मॅरेथॉन सुरू होते तेव्हा टाकी रिकामी असते.

त्यात पाण्याची अडचण वेगळीच. थंडीत तहान लागत नाही. पण उंचीवरच्या कोरड्या हवेत श्वासावाटे बरंच पाणी जातं आणि थंडीमुळे लघवीही जास्त होते. तहान लागण्याची वाट पाहिली, तर उशीर झालेला असतो.

म्हणूनच अशा स्पर्धेचा साधा नियम: ऊब कपड्यांतून मिळवायची, वेगातून नाही.

तयारी कशी करावी?

गोव्यात मिरामार किनाऱ्यावरून सुरू होणाऱ्या अर्ध्या अंतराच्या आयर्नमॅनमध्ये अडचण असते ऊन आणि दमटपणाची. अशा हवेत सराव करणाऱ्यांनी थंड डोंगरात जाताना काही गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात:

• शक्य असेल तर साधारण दोन आठवडे आधी पोहोचा. शरीराला उंचीची सवय व्हायला वेळ लागतो.
• पोहून आल्यावर ओले कपडे पूर्ण बदला. अंग पुसून कोरडा थर, वारा अडवणारं जॅकेट, हातमोजे आणि पायांत उबदार मोजे घाला. यात १० मिनिटं गेली तरी ती वाया जात नाहीत.
• खाण्याची पाकिटं आधीच थोडी फाडून ठेवा.
• सायकलचा पहिला तास मुद्दाम हळू चालवा. घड्याळावर ठराविक ताशी तासाने खा आणि प्या.

कधी थांबायचं?

कुडकुडणं थांबतच नसेल, बोलताना जीभ अडखळत असेल, तोल जात असेल किंवा साध्या प्रश्नाचं उत्तर सुचत नसेल, तर ही हायपोथर्मियाची लक्षणं आहेत. अंग अजून थंड असताना कुडकुडणं अचानक बंद झालं, तर ते सुधारणेचं नाही, धोक्याचं लक्षण आहे. अशा वेळी मदत मागायची आणि स्पर्धा सोडायची. गोंधळलेल्या माणसाला स्वतःची अवस्था कळत नाही, त्यामुळे बरोबरच्या स्पर्धकानेही लक्ष ठेवायला हवं.

टाहोच्या स्पर्धेचं पुढे काय झालं?

२०१४ मध्ये जंगलातल्या वणव्याच्या धुरामुळे ती ऐन स्पर्धेच्या सकाळी रद्द करावी लागली. २०१५ मध्ये ती पुन्हा झाली आणि तीच शेवटची ठरली.