खलाशांचे घर आणि आमदारांची खोली

जव्हारच्या बाजाराला आलेल्या साखरशेतच्या माणसास मुंबईतील विधानभवन ठाऊक असेलच असे नाही; ‘आमदार निवास’ हा शब्द मात्र त्याच्या कानावरून गेलेला असतो. 1948 पर्यंत येथे मुकण्यांचे संस्थान होते, तेव्हा गाऱ्हाण्याची वाट राजवाड्याकडे जाई. संस्थान विलीन झाले, मताचा अधिकार आला, आणि वाट मुंबईकडे वळली. 1957 साली ठाण्यातून शामराव परुळेकर आणि 1977 साली डहाणूतून लहानू कोम लोकसभेवर गेले, तेव्हा ती दिल्लीपर्यंत पोहोचली. राजा राजवाड्यात राहतो हे सांगावे लागत नाही. पण आपण निवडून दिलेला माणूस बसतो कोठे, निजतो कोठे, आणि त्याचे कागद लिहितो कोण?

मुंबईपुरते उत्तर मोठे गमतीचे आहे. येथील कायदे कौन्सिल 1862 साली प्रथम टाऊन हॉलमध्ये भरले. जगन्नाथ शंकरशेट त्याचे एक सभासद. कौन्सिलाला स्वतःचे घर मात्र नव्हते. पुढे 1928 साली सरकारने त्यासाठी वास्तू विकत घेतली ती चक्क खलाशांची धर्मशाळा! ड्यूक ऑफ एडिंबरोच्या भेटीचे स्मारक म्हणून बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी दोन लाख रुपये दिले होते. त्यातून ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’ 1876 मध्ये पुरे झाले. बोरीबंदरचे स्टेशन बांधणारे स्टीव्हन्ससाहेबच याचेही शिल्पकार. 20 अधिकारी आणि 58 खलाशी यांची तेथे सोय होती. दर्शनी भागावर समुद्रदेव नेपच्यून आपल्या घोड्यांसह कोरलेला आहे. त्याच्या छत्राखाली पुढे अर्धशतकाहून अधिक काळ कुळकायद्यापासून दुष्काळापर्यंत सर्व विषयांचा खल झाला. 1981 साली विधिमंडळ नरिमन पॉइंटला गेले. आता त्या जुन्या घरात राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे.

घर मिळाले म्हणजे सारे मिळाले असे नव्हे. कौन्सिलाने सेलर्स होम घेतले त्याच सुमारास दिल्लीत एक वेगळा झगडा चालू होता. मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल होते. मुंबईत वकिली केलेला, येथल्या कौन्सिलात बसलेला हा खमक्या गृहस्थ. सभागृहाचे काम पाहणारे कारकून आणि अधिकारी सरकारी खात्याचे नोकर होते. सरकारला अडचणीत आणणारा प्रश्न ज्याच्या टेबलावर जायचा, त्याची बढती सरकारच्याच हाती! विठ्ठलभाईंना हे पटेना. 22 सप्टेंबर 1928 रोजी मोतीलाल नेहरूंनी सभागृहात ठराव मांडला, तो मंजूर झाला, आणि 10 जानेवारी 1929 पासून अध्यक्षांच्या देखरेखीखाली स्वतंत्र कचेरी सुरू झाली. माझ्या मते दिल्लीतल्या कोणत्याही घुमटापेक्षा ही कचेरी मोठी. राज्यघटनेच्या 98व्या कलमाने संसदेला आणि 187व्या कलमाने राज्यांच्या विधिमंडळांना असाच वेगळा कर्मचारीवर्ग दिला आहे. संसदेजवळ रफी मार्गावर खासदारांच्या निवासाची जी इमारत आहे, तिला विठ्ठलभाईंचेच नाव आहे.

राहता राहिला निजण्याचा प्रश्न. सेलर्स होमच्या जवळच मॅजेस्टिक नावाचे ऐटबाज हॉटेल होते. महाराष्ट्र राज्याच्या काळात तेच आमदार निवास झाले, आणि खाली सहकारी भांडार आले. म्हणजे सभा खलाशांच्या घरात आणि मुक्काम हॉटेलात! पुढे नरिमन पॉइंटला ‘मनोरा’ बांधले; ते काही दशकांतच पाडावे लागले. शतक ओलांडलेले मॅजेस्टिक मात्र अजून उभे आहे. अशा निवासांतील खोलीत आमदार एकटा क्वचितच असतो. कोणी जे.जे.त रोगी घेऊन आलेला, कोणी मंत्रालयात वनहक्काच्या दाव्याचा कागद शोधणारा. रात्री जमिनीवर चटया पसरतात, आणि पहाटे नळाशी पहिली रांग लागते ती गावाकडच्यांची.