गोठ्याची सोबत

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासाच्या आरंभी एक औषध आहे, याचे स्मरण आज फारसे कोणी करीत नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. मागोमाग मोटारींचे कारखाने आले. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि पुढे कारखान्यांची रांग चाकणला पोहोचली. देहाच्या रोगावर औषध देणाऱ्या या भूमीत मनाला आधार देणारी एक जुनी सोबत मात्र आम्ही नकळत गमावली. ती म्हणजे गोठा.

भीमेच्या खोऱ्यातील हे सहजीवन प्राचीन आहे. शिरूर तालुक्यातील इनामगावच्या उत्खननात, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीत, गाईबैलांप्रमाणे कुत्र्याचीही हाडे सापडली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळणारा शेतकरी त्याला घरचाच मानीत असे. दाराशी कुत्रा, चुलीजवळ मांजर, हाही परिवारच. पुढे जमिनी गेल्या, गोठे मोडले आणि कुटुंब चौथ्या मजल्यावर राहावयास आले.

या सोबतीचा आरोग्याशी संबंध आहे काय? इंग्लंडात यॉर्क येथे १७९६ साली विल्यम ट्यूक यांनी उघडलेल्या मनोरुग्णालयात रुग्णांच्या सहवासासाठी ससे व कोंबड्या ठेवीत. १९८० साली अमेरिकेत एरिका फ्रीडमन व सहकाऱ्यांनी ९२ हृदयरुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षभरात ३ दगावले. नसलेल्या ३९ जणांपैकी ११. एवढ्या लहान पाहणीने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि पुढील संशोधनाचे निष्कर्षही एकमुखी नाहीत. तथापि कुत्र्याला फिरविण्यासाठी रोज पहाटे जिना उतरणारे सेवानिवृत्त कामगार आम्ही घरभेटींत पाहतो. कोणीतरी आपली वाट पाहत आहे, या जाणिवेने त्यांचा दिवस सावरतो.

मात्र सोबत घेणाऱ्याने जबाबदारीही घ्यावी. रेबीजची लस वेळेवर टोचावी, शेजाऱ्यांना उपद्रव होऊ देऊ नये आणि जनावर थकले म्हणून त्याला रस्त्यावर सोडू नये. काम होईनासे झालेल्या बैलालाही दावणीला ठेवून वैरण घालणारे आजोबा आपणांपैकी अनेकांना आठवत असतील. गोठा परत येणार नाही. परंतु त्या आजोबांची रीत चौथ्या मजल्यावरही पाळता येते.